हुशार आहे, पण पुस्तक काढले की तहान लागते

आपण त्याला बाळू म्हणू. वय सात, सव्वासात. वस्तीवरच्या तीस शेळ्यांतली कुठली कोणाची, हे तो अंधारात आवाजावरून सांगतो. दुकानातून साखर-चहापत्ती आणताना सुटे पैसे चोख मोजून आणतो. सप्त्यात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी महाराजांच्या हातवाऱ्यांसकट करून दाखवतो. मोटारीचे स्टार्टर कसे दाबायचे, पाण्याची पाळी कोणाची, सारे त्याला ठाऊक. आणि दिवेलागणीला आईने दप्तर पुढे ओढले की बाळूला तहान लागते. मग लघवी लागते. मग वासरू सुटल्याचा आवाज फक्त त्यालाच येतो.

बाप म्हणतो, "डोकं हाय, पर ध्यान न्हाई." आजी म्हणते दृष्ट लागली. शाळेतल्या बाई म्हणतात घरी अभ्यास घ्या. आणि आई, जिची स्वतःची शाळा चौथीत सुटली, ती गप्प बसते. कारण पोरगा उद्या आपल्यालाच काही विचारील, ही तिला धास्ती.

बाळूच्या जागी मुलगी असली तर गोष्ट अजून वेगळी वळते. ती पुस्तकाला टाळाटाळ करू लागली की घरात फारसा गवगवा होत नाही. "घरकामाला हुशार आहे हो," असे कौतुक करून तिच्या हाती केरसुणी दिली जाते. मुलाचे वाचन अडले तर निदान आरडाओरड तरी होते. मुलीचे अडले तर कळतही नाही. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते वाचताना आपल्या घरातल्या मुलीकडे आधी पाहावे, ही विनंती.

हा प्रश्न काही एकट्या बाळूचा नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 2005 सालापासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते. त्यातून देशाच्या ग्रामीण भागाचे जे चित्र दिसते ते असे, की पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा सरळ वाचता येत नाही. ही सारी मुले मठ्ठ असतील, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल?

पाठांतराचे सोंग

हुशार मुलाच्या बाबतीत एक घोटाळा होतो आणि तो वर्षभर कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याची स्मरणशक्ती दांडगी असते. बाईंनी पाठ दोनदा वाचून दाखवला की त्याला तो तोंडपाठ होतो. मग तो पुस्तक समोर धरून, बोट फिरवत, घडाघडा 'वाचतो'. घरचे खूश, शाळाही खूश. पहिलीची पुस्तके लहान वाक्यांची आणि चित्रांची असतात, तोवर हे सोंग चालते. दुसरीत पाठ लांबतात, चित्रे कमी होतात, आणि सोंग उघडे पडू लागते. ज्या मुलाला सारे चटकन येत आले आहे, त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी येत नाही असे होते. हे त्याला सहन होत नाही. चारचौघांत हसे होण्यापेक्षा तहान लागलेली बरी, एवढा हिशेब त्या वयात पक्का जमतो.

तेव्हा आपल्या मुलाचे खरे काय आहे ते आधी पाहावे. पाहण्याची रीत सोपी आहे. चित्रावर हात ठेवा आणि खालचे वाक्य विचारा. किंवा पाठातला मधलाच एक शब्द बोटाने दाखवा. मूल जर पहिल्यापासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येऊ लागले, तर समजावे की पाठांतर आहे. 'क' हा 'कमळाचा क' म्हणून येतो, पण औषधाच्या बाटलीवरचा क ओळखू येत नाही, असेही पुष्कळदा आढळते. हे पाहताना रागावू नये, आणि "तुला तर काहीच येत नाही" हे वाक्य तर जिभेवर येऊ देऊ नये. तपासणी आपल्यासाठी आहे, त्याची फजिती करण्यासाठी नव्हे.

त्याचबरोबर डोळे आणि कान. मूल पुस्तक नाकाशी धरते का, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते का, हाक मारली की एकाच बाजूला वळते का, कान वाहतो का, हे पाहावे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत आरोग्य तपासणीची पथके येतात, त्यात डोळ्यांचीही तपासणी असते. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. एका चष्म्याने सुटणाऱ्या गोष्टीसाठी पोराने दोन वर्षे मार खाल्ल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील.

अक्षरे किती आणि कुठली

आपल्याकडची जुनी रीत अशी : आधी सगळी मुळाक्षरे, मग संपूर्ण बाराखडी, मग शब्द, मग वाक्ये. म्हणजे मूल सहा-आठ महिने नुसती बियाणी मोजत बसते, पेरणी कधी होतच नाही. ज्या मुलाला स्वभावतः कशाचा तरी अर्थ लागल्यावाचून चैन पडत नाही, ते या रीतीने सर्वांत आधी कंटाळते. हुशार मुलाचा वाचनावर रुसवा बसतो तो पुष्कळ वेळा इथेच.

फलटणला मॅक्सिन बर्नसन या बाईंनी या बाबतीत मोठे काम केले. जन्माने अमेरिकन, पण मराठीच्या गाढ्या अभ्यासक. 1978 साली त्यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. ज्यांच्या घरात पुस्तक नाही अशा मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, हा त्यांच्या कामाचा गाभा. थोडीच अक्षरे घ्यायची, त्यांच्याबरोबरच काना-वेलांटीही घ्यायची आणि लगेच अर्थाचे शब्द वाचायला लागायचे, या दिशेने त्यांची पद्धत जाते. वाचन आणि लेखन जोडीने चालते.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. समजा, क, म, ल आणि र ही चारच अक्षरे घेतली, आणि जोडीला फक्त काना व दुसरी वेलांटी. आता पाहा काय काय होते : मका, माल, काम, काल, लाल, काका, काकी, मामा, मामी, कारली, करा. "काका, काम करा." "मामी, कारली करा." चार अक्षरांत पोराला घरातली चार माणसे आणि बांधावरची भाजी वाचता आली! पहिल्याच आठवड्यात आपण लिहिलेला हुकूम काका वाचतो आणि खरोखर उठून कामाला लागतो, हे पाहिल्यावर मुलाच्या डोळ्यांत जे येते ते पाहण्यासारखे असते. पुढे ग, त, प, य घाला : गाय, माती, पीक, ताक, पाय, गार, तार. शेतकऱ्याच्या घरातले अर्धे जग एवढ्यात येते.

अक्षरे निवडताना दिसायला सारखी असलेली एकाच आठवड्यात आणू नका. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, ड आणि ढ ही जोडपी मोठ्या माणसालाही घाईत फसवतात. ख तर पुष्कळ मुलांना 'रव' वाटतो आणि त्यात त्यांची काही चूक नाही, तो तसा दिसतोच. एक पक्के झाले की दुसरे.

पहिली वेलांटी हे मराठीतले खरे लबाड अक्षरचिन्ह. ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलते. 'मिरची' वाचताना मूल अडखळते ते बहुधा यासाठी. त्याला सरळ सांगावे, की ही बाई पुढे चालते पण मागून बोलते. मुलांना असले पटकन लागू पडते. रफाराचेही तसेच : 'गर्दी'तला र बसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी. आणि च, ज या अक्षरांना तर दोन-दोन आवाज. 'चार' बैल म्हणताना एक च, बैलाचा 'चारा' म्हणताना दुसरा. लिहायचा मात्र एकच. मुलाने यावर "असं का?" म्हणून विचारले, तर वैतागू नये. पोराचा कान तयार आहे एवढाच त्याचा अर्थ.

अक्षरे येतात पण शब्द जुळत नाही, ही पुढची अडचण. मूल 'का... म...' असे तोडून म्हणते, आणि म पर्यंत येईतो का विसरून जाते. त्याला "पटापट वाच" म्हणून काही होत नाही. आवाज तोडू न देता लांबवायला सांगावे : काऽऽऽम. नवी सायकल शिकताना सारे लक्ष हँडलवर असते, रस्त्याकडे पाहायला सवड नसते. हात बसला की मग माणूस गप्पा मारत चालवतो. अक्षरांचेही तेच. ओळख इतकी पक्की व्हावी लागते की तिकडे लक्षच द्यावे लागू नये, तेव्हा कुठे मन अर्थाकडे जाते. ही पक्की ओळख रोज थोड्याथोड्याने येते. रविवारी तीन तास धरून बसवल्याने येत नाही.

'आहे' आणि 'हाय'

पुस्तकात छापलेले असते, "गाय गोठ्यात आहे." मूल बोट ठेवून वाचते, "गाय गोठ्यात हाय." इथे पुष्कळ घरांत टपली बसते. माझ्या मते इथे गूळ द्यायला हवा. 'आ-हे' अशी दोन अक्षरे पाहून ज्याच्या तोंडून 'हाय' निघाले, त्याने नुसती अक्षरे म्हटली नाहीत. त्याने वाक्य समजून घेऊन आपल्या बोलीत सांगितले. वाचन म्हणजे दुसरे काय असते? जो पोर 'आ... हे...' असे बरोबर उच्चारतो आणि गाय कुठे आहे म्हटल्यावर आढ्याकडे पाहतो, त्याची काळजी अधिक करावी.

'पाणी'ला 'पानी' म्हणणे, 'लोणी'ला 'लोनी' म्हणणे हेही तसेच. घरात अहिराणी बोलली जात असेल, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोरमाटी बोलली जात असेल, तर मुलाला छापील मराठी ही अर्धी परकीच भाषा असते. ती हळूहळू कानावर पडून येईल. वाचता वाचता दर शब्दाला उच्चार सुधारत बसले, की मूल तोंड मिटून घेते. एकदा त्याची गाडी चालू लागली, म्हणजे दोन वर्षांनी ण आणि न यांचा निवाडा खुशाल करावा.

याच विचाराने एक उपाय फार चांगला चालतो. मुलालाच काहीतरी सांगायला लावा आणि मोठ्या बहिणीने किंवा भावाने ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. "आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं हाय. ते लय उड्या मारतं." एवढ्या तीन ओळी, मोठ्या अक्षरात, एका पानावर. हे पान त्याला वाचायला द्यावे. आपण बोललो ते कागदावर आले, आणि उद्या सकाळी पाहिले तरी तिथेच आहे, याचे लहान मुलाला केवढे नवल वाटते! अशी दहा-पंधरा पाने दोऱ्याने शिवली की त्याचे पुस्तक झाले. पाहुणे आले की तो आपण होऊन ते काढतो. तेव्हा तहान लागत नाही.

अंगण, गोठा आणि बाजाराची यादी

पुस्तकाची धास्ती बसलेल्या मुलाला काही दिवस पुस्तकापासून लांब ठेवले तरी बिघडत नाही. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. खडे, शंख-शिंपले, पाने, फुले हेच त्यांचे शिकवण्याचे साहित्य. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी गुरांच्या मागे कुरणात भरणारी शाळाही निघाली. सरकारी अंगणवाड्या आल्या त्या 1975 नंतर. तेव्हा ज्यांना वाटते की शिकायला बाक आणि टाय लागतो, त्यांनी कोसबाडची आठवण ठेवावी.

आपल्या घरात काय कमी आहे? ताटात राख किंवा बारीक माती पसरली की धूळपाटी तयार. चुकले की हात फिरवला, कागदावरच्या लाल रेघेसारखा डाग मागे राहत नाही. खळ्यावर जोंधळ्याच्या दाण्यांचा 'म' मांडता येतो. गोठ्याच्या दारावर खडूने गायीचे नाव, कोंबड्यांच्या खुराड्यावर 'कोंबडी', कणगीवर 'गहू'. एसटीची पाटी, खताच्या गोणीवरचे नाव, बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका, भिंतीवरचे कालनिर्णय, ग्रामपंचायतीचा फळा, हे सारे वाचनाचेच धडे आहेत. लग्नपत्रिकेत स्वतःचे नाव 'किलबिल' मंडळींत छापलेले असले तर ते शोधून काढायला कोणत्याही पोराला सांगावे लागत नाही.

बाजाराच्या दिवशी यादी मुलाच्या हाती द्यावी. मीठ, डाळ, तेल, साबण. दुकानात त्यानेच वाचून सांगायचे. यादीत शेवटी, त्याला न सांगता, 'जिलबी' लिहून ठेवावी. वाचली तर मिळाली, नाही वाचली तर कोणी काही बोलायचे नाही. पुढच्या बाजारी पुन्हा लिहायची.

बापाने करावी अशी एक युक्ती आहे. रात्री पुस्तक आपण वाचायचे आणि मुद्दाम चुकायचे. "कोल्ह्याने झाडावर उडी मारली आणि... भाकरी थापली." मूल खवळून म्हणते, "आबा, तसं न्हाई तिथं!" "मग काय हाय? दाखव." ते बोट ठेवून दाखवते. ज्याला रोज कोणीतरी चुका काढून दाखवते, त्याला एक दिवस बापाची चूक काढायला मिळाली, यासारखे टॉनिक नाही.

आई शिकलेली नसेल तर

आयाबायांनो, हे तुमच्यासाठी. वाचता येत नसले तरी मुलाचे वाचन घेता येते. भाकऱ्या थापताना त्याला शेजारी बसवावे आणि म्हणावे, "मला वाचून दाखव, मला ऐकायचं आहे." मधे थांबला तर, "मग पुढं काय झालं त्या म्हातारीचं?" एवढे विचारावे. चूक दुरुस्त करणारे माणूस शाळेत आहे. घरी त्याला ऐकणारे माणूस हवे असते. आणि तुम्ही लहानपणी ऐकलेल्या गोष्टी, ओव्या, उखाणे, कोडी सांगत राहा. ज्याच्या कानावर शब्द पुष्कळ पडले त्याला छापील शब्द ओळखायला सोपा जातो. बाळूला कधी न ऐकलेला शब्द वाचायला लावणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाला गर्दीत शोधायला लावणे. तुमच्या मनात स्वतः शिकायचे असेल तर मुलाबरोबरच चार अक्षरे गिरवा. मास्तर व्हायला कुठल्याही मुलाला आवडते.

वेळ रोज दहा-पंधरा मिनिटे पुरे, पण ठरलेली असावी. जेवणानंतर डोळे मिटत असताना नको. मूल अजून रंगात आहे तोवरच थांबावे. शेजारच्या पिंटूचे नाव काढू नये. मारू तर नयेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतही मुलाला मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे, मग घरी तरी छडी कशाला? चार वर्षांच्या लेकराच्या मागे वाचनासाठी लागण्याची घाईही नको. त्या वयात गोष्टी, गाणी आणि मातीतले खेळ हाच अभ्यास.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे दुखणे निराळे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते आणि शिमग्यानंतर परतते, तोवर शिकलेली अक्षरे पुसून जातात. मुलाला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवण्याची सोय होत असेल तर उत्तम. नाही तर कोपीवर नेण्याच्या सामानात ती शिवलेली पानांची वही, एक पाटी आणि गोष्टींची दोन पुस्तके बांधावीत. शाळेतून ती मागून घेता येतात. शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिलेल्या पुस्तकांपेक्षा फडात मळलेले पुस्तक केव्हाही बरे.

हे सारे वर्षभर शांतपणे करूनही आठ-नऊ वर्षांचे, बाकी सगळ्यांत चलाख असलेले मूल अक्षरांत गुंततच राहिले, ओळखीचा शब्द पुढच्याच ओळीत पुन्हा अनोळखी होत राहिला, तर त्यामागे वाचनाची विशिष्ट अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. शाळेतील गुरुजींशी बोलून जिल्हा रुग्णालयात तपासणीची चौकशी करावी. अशा मुलांना निराळ्या पद्धतीने शिकवावे लागते, आणि ती शिकतात. लवकर कळले तर मुलाने स्वतःला 'ढ' समजण्याआधी कळते, हा मोठा लाभ.

मोबाइल आता घरोघर आहे, तर त्याचाही उपयोग सांगतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. लहानांसाठी चित्रांच्या मराठी गोष्टी 'स्टोरीवीव्हर'वर फुकट मिळतात. मात्र मोबाइल मोठ्या माणसाच्या हातात असावा, मूल मांडीवर किंवा शेजारी, आणि गोष्ट संपली की फोन खिशात. गोष्ट आवडली तर ताईकडून मोठ्या अक्षरात वहीत उतरवून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी रेंज नसली किंवा वीज गेली तरी ती वाचता येते.